ऐंशी मायक्रॉन

अण्णा, कर्नल साहेबांची इटालियन मोटारसायकल परवा आपल्या घरी आली. देवळालीहून टेम्पोत घालून आणली, चौघांनी उतरवली, आणि कुठे ठेवायची म्हणून विचारलं तेव्हा मी काही विचार न करता अंगणातल्या त्या सिमेंटच्या चौथऱ्याकडे बोट दाखवलं. तिथेच उभी आहे. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलीने आता बंगला विकायला काढला, शेडमधला पसारा आवरताना तिला गाडी आणि दोन खोकी सापडली. खोक्यांवर तुमच्या अक्षरात खडूने 'मागचा सिलिंडर' लिहिलेलं होतं, ते अजून पुसलेलं नाही. तिने कुठूनतरी माझा नंबर मिळवला आणि म्हणाली, तुमच्या वडिलांच्या हाताखालची गाडी आहे, भंगारात द्यायला जीव होत नाही. मी हो म्हणाले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि इतकी वर्षं मी एक गोष्ट पोटात धरून बसले आहे. मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. नाकावर माशी बसू देत नाही, कंपनीत साहेबालाही तोंडावर सांगते की तुमचं चुकलं. पण तुमच्यापुढे एकदाच तोंड शिवून घेतलं, ते शिवलेलंच राहिलं. आता गाडीच दारात येऊन उभी राहिल्यावर पळणार कुठे?

ती पहिल्यांदा आली ते साल शहाण्णव असेल. मी नुकतीच दहावी झाले होते. तुम्ही अंबडला कंपनीच्या टूलरूममध्ये, पोलादी साचे घासायला, आपण सिडकोतल्या याच घरात, आणि मळ्यातले काका दर सणाला मखमलाबादहून फुलं घेऊन यायचे आणि म्हणायचे, माळ्याचा पोरगा झेंडू सोडून लोखंडात गेला, आता लोखंडाच्या माळा करतो. तुम्ही हसायचात. लाल रंगाची, लांब टाकीची, पुढे वाकून बसायची गाडी. साहेबांनी परदेशातल्या नेमणुकीवरून येताना सोबत आणलेली. द्वारका चौकातल्या सगळ्या मिस्त्र्यांनी हात वर केले होते. एकाने तर स्पष्ट सांगितलं होतं की साहेब, हिला म्युझियममध्ये द्या. कुणीतरी साहेबांना सांगितलं, अंबडला एक टूलरूमवाला आहे, तो घड्याळाच्या मापाने काम करतो. साहेब रविवारी सकाळी आले. तुम्ही बनियनवर होतात. तुम्ही गाडीला हात लावला नाहीत, आधी म्हणालात, चालू करा आणि गप्प उभे राहा. दहा मिनिटं नुसते ऐकत होतात. आई दारातून म्हणाली, अहो, पाहुण्यांना पाणी तरी विचारा. तुम्हाला ऐकूच आलं नाही.

मग इंजिन उघडल्यावर तुम्ही मला हाक मारलीत. बाकीच्या गाड्यांत व्हॉल्व्हचं दार उघडायला रॉकर नावाची एक तरफ असते आणि बंद करायला स्प्रिंग. हिच्यात बंद करायलाही दुसरा रॉकर. दार उघडणारा एक माणूस, लावणारा दुसरा, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फट. ती फट जास्त झाली तर आवाज, कमी झाली तर दार नीट लागत नाही आणि आत पेटलेला जाळ फटीतून बाहेर येत राहतो, व्हॉल्व्ह जळतो. ती फट ठरते एका पोलादी टोपीवर. व्हॉल्व्हच्या दांडीवर बसते, शर्टाच्या बटणाएवढी. नाशकात मिळत नाही, मुंबईत मिळत नाही. तुम्ही ती टोपी तळहातावर घेऊन उजेडात धरलीत आणि म्हणालात, ही तर मी करीन. इतक्या आनंदात तुम्हाला मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कंपनीत तुम्ही तीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर दुसऱ्यांचे डाय घासत आलात, आणि इथे परदेशातल्या कुठल्या इंजिनिअरने केलेली वस्तू तुमच्या अंगणात उघडी पडली होती आणि तुम्हाला कळत होती.

पाच वर्षं ती गाडी येत-जात राहिली. कधी वायरिंग कुजलेलं, कधी कार्बोरेटरमध्ये पाणी, कधी क्लच चिकटलेला. तुमची रीत एकच. आधी ऐकायचं, मग वास घ्यायचा, मग हात लावायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकदा घाईने प्लग आणि पॉइंट दोन्ही बदलले आणि गाडी सुरू झाली. मी नाचत तुमच्याकडे आले. तुम्ही विचारलंत, कशामुळे सुरू झाली? मला सांगता येईना. तुम्ही जुना प्लग परत लावायला लावलात. एकदा बेअरिंग निघत नव्हतं तेव्हा तुम्ही इंजिनाचं झाकण उचलून थेट स्वयंपाकघरात नेलंत आणि आईच्या भाकरीच्या तव्यावर ठेवलंत, तापलं की ॲल्युमिनियम फुगेल आणि बेअरिंग सुटेल म्हणून. सुटलंही. पण त्या रात्रीच्या भाकरीला ऑइलचा वास. आई म्हणाली, तुम्हाला इंजिन भाजायचं असेल तर त्याचा वेगळा तवा आणा, आणि खायलाही तेच खा. तुम्ही मुकाट्याने ती भाकरी खाल्लीत, वर म्हणालात, चव बरी आहे. दुसऱ्या दिवशी नवा तवा आला. जुना तुमच्या बाकड्याखाली राहायला गेला.

मागच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत तुमची बोटं पोचायची नाहीत. टाकीखाली, चौकटीच्या नळ्यांमध्ये, जेमतेम दोन बोटं जातील एवढी जागा. माझी जायची. म्हणून तिथली फट बघायचं काम माझं. आणि मोजायचंही काम हळूहळू माझं झालं. तुमचा मायक्रोमीटर तुम्ही पहिल्या बोनसचा घेतलेला, सागवानी पेटी स्वतः केलेली, आत निळी मखमल. मी डिप्लोमाला होते त्या वर्षी एकदा मी पिन मोजून तुम्हाला आकडा सांगितला. तुम्ही विचारलंत, शून्य बघितलंस? मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं मिटल्यावर फिरकी शून्यावर येते की नाही ते आधी बघायचं, एवढीच गोष्ट. मी बघितलं नव्हतं. तुम्ही आवाज चढवणारे नव्हे, पण त्या दिवशी तुम्ही मला जे सांगितलंत ते मी आज माझ्या हाताखालच्या पोरांना शब्दाला शब्द सांगते. "शून्य न बघता सांगितलेला आकडा म्हणजे अंदाज. अंदाज भाजीवाल्याला सांगायचा, मला नाही." मग दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. मी रडले, जेवले नाही, आणि त्यानंतर तीन वर्षं शून्य बघितल्याशिवाय कशाला हात लावला नाही. तुम्ही लोकांना सांगायला लागलात, माझ्या पोरीचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. काकांना सांगितलंत, साहेबांना सांगितलंत, कंपनीत सांगितलंत. मला ते फार आवडायचं, अण्णा. मार्कांपेक्षा, सगळ्यापेक्षा जास्त. इथेच सगळी गोम आहे.

दोन हजार एक साली तुमची कंपनी बंद पडायला आली. अंबडच्या निम्म्या शेड्सची तीच गत होती. स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज फिरत होते, आणि तुमच्याबरोबरचे लोक घरी बसून भिंतीकडे बघायला लागले होते. तुम्ही मात्र खूश होतात. तुम्ही अंगणात हा चौथरा घातलात, चार बोल्ट वर ठेवून, बरोबर मापात. त्यावर बसवायला एक जुना सरफेस ग्राइंडर, पोलाद घासायचं यंत्र, ठरवून ठेवला होता, दिवाळीनंतर उचलून आणायचा होता. देवळालीत साहेबांच्या ओळखीचे तिघं-चौघं होते, त्यांच्याकडे अशाच परदेशी गाड्या धूळ खात होत्या. साहेब म्हणाले होते, ही माझी गाडी दिवाळीला इंदूरपर्यंत नेतो, मुलीला भेटून येतो, परत आलो की बाकीच्यांना तुमच्याकडे घेऊन येतो. म्हणजे ती गाडी इंदूरला जाऊन आली की तुमचं दुकान सुरू. तुम्ही पाटी कशी रंगवायची तेही ठरवलं होतं. त्यावर माझंही नाव घालणार होतात. आई म्हणाली, मुलीचं नाव लग्नानंतर बदलेल. तुम्ही म्हणालात, मग पाटी परत रंगवू.

आणि दसऱ्याच्या आठवडाभर आधी साहेब म्हणाले, टकटक आवाज येतोय. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. मागचा सिलिंडर, धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह. उघडलं तर टोपीचा कोपरा उडालेला. नवी करायची, जुनीच्या तंतोतंत जाडीची. साधं काम.

मध्ये खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं बाकड्यावर मांडायची, धुवायची, हळदकुंकू लावायचं, काकांच्या झेंडूच्या माळा घालायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मुहूर्ताचं पहिलं काम करायचं. हातोडा, पक्कड, पान्हे, तो जुना तवासुद्धा. पण मायक्रोमीटरच्या बाबतीत तुमचा नियम होता: कुंकू पेटीला लावायचं, पेटी उघडायची नाही. दर वर्षी मी पेटीलाच लावत आले. त्या वर्षी तुम्ही काकांकडे फुलं आणायला गेला होतात, आणि मला वाटलं, नोकरीतली तुमची ही शेवटची खंडेनवमी, ज्याच्यावर आपलं घर चाललं त्याला बंद पेटीत ठेवून नुसत्या लाकडाला कुंकू लावायचं हे काही खरं नाही. मी पेटी उघडली. मायक्रोमीटर काढला, ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, नमस्कार केला. कुंकू ओलं होतं, तोंडं उघडी होती, बोट कुठे लागलं ते मी बघितलं नाही. मग तोंडं मिटून ठेवून दिला. खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. एवढ्या भक्तीने मी तुमचा घात केला.

दसऱ्याच्या संध्याकाळी दारात लोक सोनं द्यायला येत होते. तुम्ही पुढे, हातात आपट्याची पानं. मी मागे बाकड्यावर, मुहूर्ताचं काम म्हणून जुनी टोपी मोजायला घेतलेली. वरून दिसणारं कुंकू फडक्याने पुसलं आणि तोंडं उघडून सरळ टोपीवर लावली. शून्य बघितलं नाही. का नाही बघितलं? काही कारण नाही, अण्णा. सण होता, घरात माणसं होती, एका मैत्रिणीने मला बाहेरून हाक मारली होती, एवढंच. तीन वर्षांत एकदा. तुम्ही आत आलात, पानं खिशात घातलीत, चष्मा चढवलात आणि माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलंत. तीन पॉइंट शून्य आठ. मी पण तेच वाचलं होतं, पण आकडा मोठ्याने तुम्ही बोललात, मी नुसती मान हलवली. तुम्ही वहीत लिहिलंत. मी विचारलं, जुनी टोपी उद्या सोबत नेणार ना? तुम्ही म्हणालात, कशाला, तू बघितलंयस, मी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कंपनीच्या ग्राइंडरवर, कंपनीच्या मायक्रोमीटरने मोजत, बरोबर तीन पॉइंट शून्य आठची टोपी घासून आणलीत. आरशासारखी. खरी हवी होती तीन मिलिमीटरची. ऐंशी मायक्रॉन जास्त, म्हणजे मायक्रोमीटरच्या आठ रेघा. आपण ती बसवली आणि फट बघायला मी दोन बोटं आत घातली. फट मोजायच्या फिलरची शंभर मायक्रॉनची पाती जायला हवी होती. जाईना. मी दोनदा घातली, दोनदा अडली. आणि तेव्हा माझ्या मनात काय आलं ते ऐका. मला वाटलं, तुम्ही घासलेला तुकडा आहे, तो कसा चुकेल, मीच पाती तिरकी धरली असणार. तुम्ही खालून विचारलंत, गेली? मी म्हणाले, गेली. तुमचा माझ्या आकड्यावर विश्वास आणि माझा तुमच्या हातावर, आणि दोघांच्या मध्ये ती पाती बिचारी खरं सांगत होती.

साहेब चांदवडच्या पुढे राहुड घाटात अडकले. आधी ताकद गेली, मग फटफट आवाज, मग बंद. त्यांना एका कांदेवाल्याने पिकअपमध्ये जागा दिली. गाडी आपल्या दारात उतरवली तेव्हा तिच्या फटीफटीत कांद्याची टरफलं अडकलेली. साहेब अजिबात चिडले नाहीत, तेच वाईट झालं. म्हणाले, जुनी मशीन आहे, होतं असं, मी बसने जाईन इंदूरला. तुम्ही त्यांच्याकडे बघत नव्हता. इंजिन तुम्ही त्याच दुपारी उघडलंत. व्हॉल्व्हची कड एका बाजूने करपून गेलेली, पोळीची कड जळावी तशी.

तुम्ही हात धुवायला गेलात आणि म्हणालात, मायक्रोमीटर काढून ठेव. मी पेटी उघडली. या वेळी मी शून्य बघितलं. तोंडं मिटली आणि फिरकी आठ रेघा आधीच थांबली. मी तोंडं उघडून बघितलं तर एका तोंडावर लाल पापडी, ऑइलमध्ये भिजून दाबून दाबून बसलेली. मला सगळं एका क्षणात कळलं. मोरीत तुमचा पाण्याचा आवाज येत होता. मी कागदाची पट्टी तोंडांत धरली, ओढली, पुन्हा धरली, ओढली. कागद लाल झाला. फिरकी शून्यावर आली. मग मी बाकड्यावरची जुनी टोपी उचलली आणि माझ्या कंपासपेटीत टाकली, आता मोजली तर ती तीनच भरली असती. हे सगळं करायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. विचार करून केलं असतं तर कदाचित केलं नसतं, पण हातांनी केलं, आणि हात माझेच होते.

तुम्ही नवी टोपी मोजलीत. तीन पॉइंट शून्य आठ. वहीत बघितलंत, तेच. म्हणालात, जुनी दे. मी म्हणाले, दिसत नाहीये, झेंडूच्या निर्माल्यात गेली असेल. तुम्ही बराच वेळ वहीकडे बघत बसलात. मग चष्मा काढलात आणि मला विचारलंत,

"दसऱ्याला शून्य बघितलं होतंस?"

"हो."

तुम्ही मान हलवलीत. पुन्हा विचारलं नाहीत. पुन्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण तुम्ही कशाला विचाराल? दगडावरची रेघ ना मी. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग वाचायला मीच चुकलो. माझीच नजर गेली." आणि वही मिटलीत.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, पण मला कसं दिसलं ते माहीत नाही. ग्राइंडरवाल्याला तुम्ही नको म्हणून कळवलंत. साहेबांना दोन खोकी बांधून दिलीत आणि म्हणालात, माझ्याच्याने आता हे व्हायचं नाही. आईने आणि मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम, चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नाही. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, डॉक्टरला भिंतीवरची अक्षरं दिसतात की नाही तेवढंच कळतं, रेघ त्याला काय कळणार. एका शिकलेल्या डॉक्टरचं तुम्ही ऐकलं नाहीत आणि माझ्या एका शब्दावर आंधळे झालात. कंपनी बंद झाल्यावर तुम्ही काकांकडची फुलं आणून या चौथऱ्यावर बसून माळा ओवायला लागलात. चार बोल्टांना दोऱ्याची रिळं अडकवायचात. आई कुरडया वाळवायला घालायची तेव्हा तुम्ही सरकून बसायचात. माळ ओवतानासुद्धा फूल डोळ्यांजवळ नेऊन बघायचात. तुम्हाला स्वच्छ दिसत होतं, अण्णा. पण दिसतंय यावर तुमचा विश्वास उरला नव्हता.

आणि मला अंबडला दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली, इन्स्पेक्शनमध्ये. मापं तपासायची. त्या दिवशी तुम्ही पेटी माझ्या हातात दिलीत. म्हणालात, मला आता याचा उपयोग नाही, तुझी नजर चांगली आहे. मी पाया पडले. मान खाली घातली ती वर करवेना, आणि आईला वाटलं मी भारावले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं माझं. तुम्ही साधं "बघ" म्हणालात तरी दचकायचे.

एकदा मी सांगणार होते. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तुम्ही रविवार कारंज्यावर काकांच्या शेजारी माळा घेऊन बसला होतात आणि मी कामावरून थेट तिथे आले. एक बाई तुम्हाला म्हणाली, बाबा, माळ तोकडी वाटते, मापून द्या. तुम्ही वीत टाकून दाखवलीत आणि मग स्वतःच म्हणालात, असेल बाई, माझा काही भरवसा नाही, आणि वर एक हार जास्त दिलात. माळ पुरती होती. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं, तुम्ही वर बघून विचारलंत, काय गं? मी म्हणाले, घरी चला, ऊन झालंय.

त्या दसऱ्यानंतर तीन वर्षांनी तुम्ही गेलात. छातीत दुखलं, दवाखान्यात न्यायच्या आत संपलं. तेव्हाची एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितलेली नाही. तुम्हाला अंगणात आणून ठेवलं, बायका रडत होत्या, मी पण रडत होते, आणि त्या रडण्याच्या तळाशी मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी विचारणार नाही. आता आकडा तपासायला कुणी नाही. बाप मेल्यावर ज्या मुलीला असं वाटतं तिला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. पण ते सुटणं काही टिकलं नाही. दशक्रिया विधीच्या दिवशी गोदाकाठी पिंडाला कावळा लगेच शिवला आणि काका म्हणाले, बघ, तुझ्या बापाचं काही राहिलं नव्हतं. मी मान फिरवली.

आता मी त्याच कंपनीत मापनशाळेची प्रमुख आहे. दुसऱ्यांची मायक्रोमीटरं खरी की खोटी ते मी सही करून सांगते. खंडेनवमीला आमच्याकडे पूजा होते, आणि मी कुणाला हत्याराला कुंकू लावू देत नाही, पेटीलाच लावायचं. नवी मुलं विचारतात, मॅडम, असं का? मी सांगते, माझ्या वडिलांचा नियम. मग म्हणतात, किती वळण आहे मॅडमना वडिलांचं.

काल रजा टाकून मी गाडीची दोन्ही खोकी उघडली. तुमची टोपी व्हॉल्व्हच्या दांडीबरोबर कापडात गुंडाळलेली होती. ती मी मापनशाळेत नेली. आमच्याकडचं यंत्र मिलिमीटरचा हजारावा भाग मोजतं, तुमच्या वेळी असं यंत्र तुम्ही नुसतं ऐकलं असेल. आधी शून्य बघितलं. मग टोपी ठेवली. तीन पॉइंट शून्य आठ शून्य. पुढच्या शून्यापर्यंत बरोबर, अण्णा. सुट्टीच्या अर्ध्या तासात, जेवण सोडून, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. एका मायक्रॉनचीही चूक नाही. मग कंपासपेटीतली जुनी काढली. तीन. कोपरा उडालेला, बाकी शाबूत. दोन्ही मी शेजारी शेजारी ठेवल्या आणि मापनशाळेचं दार लावून घेतलं.

नवा व्हॉल्व्ह आता इटलीहून घरपोच येतो, कुणाला पत्रं लिहावी लागत नाहीत. आला की बसवीन. नव्या टोपीसाठी आकडा तीनचा. मागच्या सिलिंडरपाशी काल नुसती दोन बोटं घालून बघितली तर जाईनात, माझीही बोटं आता जाड झालीत. आई आतून विचारते, दिवसभर काय करतेस त्या गाडीत? तिला ऐकू कमी येतं, म्हणून मी उत्तर देत नाही. तिलाही सांगितलेलं नाही. हे पत्र संपलं की घडी करून पेटीत, मखमलीखाली ठेवणार, तिथे तो लाल कागद आहे, तोही मी फेकला नाही. तुम्ही वहीकडे बघत बसला होतात तेव्हा तुम्हाला एकदाच विचारायचं होतं आणि तुम्ही विचारलंत. दसऱ्याला शून्य बघितलं होतंस का?

नाही, अण्णा. बघितलं नव्हतं.